न सुटलेली एसटी

माझ्या व्याह्यांइतका निरुपद्रवी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि मला त्यांच्याइतका महागात पडलेला माणूसही दुसरा झाला नाही. मी सेलूच्या बाजारात जुन्या पोत्यांच्या धंद्यावर वर आलेला माणूस. स्टेशनाच्या मालधक्क्यावर फाटकी पोती झटकण्यापासून सुरुवात केली आणि पुढे जिनिंगवाल्यांपासून अडतवाल्यांपर्यंत सगळे बारदान्यासाठी माझ्याच दारात यायला लागले. या चढणीत मला फसवायला पुष्कळ जण आले. कुणी पोती रात्रभर दवात ठेवून वजन वाढवलं, कुणी वरचा थर नवाकोरा आणि आतला सगळा उंदरांनी खाल्लेला असा गठ्ठा गळ्यात घातला. त्या सगळ्यांना मी पुरून उरलो. पण राणीसावरगावच्या या गृहस्थांनी जन्मात कधी कुणाला फसवलं नाही, आणि त्यांच्यापुढे मात्र मी कायम हात चोळत बसलो. लबाड माणसाशी कसं वागायचं हे मला बाजाराने शिकवलं होतं. खरं बोलणाऱ्याशी कसं वागायचं हे शिकवणारा कुणी भेटला नाही.

व्याही शेतकरी. पण पोरवयात त्यांना हैदराबादला एका लांबच्या मामांकडे शिकायला ठेवलं होतं. शिक्षण किती झालं ते कुणालाच नीट सांगता येत नसे, कारण शाळेच्या वाटेवर एक मैदान होतं आणि त्या मैदानावर अनवाणी पायांनी फुटबॉल खेळणारे लोक होते. पुढे निजामाचं राज्य गेलं, आम्ही मराठवाडेकर महाराष्ट्रात आलो, लोकांच्या तोंडातून हैदराबाद हळूहळू उतरत गेलं. व्याह्यांच्या पायातून ते काही उतरलं नाही. आमच्याकडे लोकांना कुस्ती कळते, कबड्डी कळते, आणि रेडिओ आल्यापासून क्रिकेट तर न कळताही कळतं. फुटबॉल म्हणजे आमच्या लेखी पोलीस लाइनीतल्या लोकांनी घाम काढण्यासाठी करायची कवायत. अशा मुलखात या माणसाने गावालगतचं एक सपाट रान पेरायचं सोडून दिलं आणि त्याला ‘मैदान’ म्हणायला सुरुवात केली. भाऊबंदांनी कपाळावर हात मारून घेतला. रान काळ्या मातीचं. पावसाळ्यात माणूस घोट्यापर्यंत रुतायचा आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की चेंडूमागे धावणाऱ्याचा पायच आत जायचा. खेळण्याजोगे उरायचे ते हिवाळ्यातले काही आठवडे, आणि तेव्हा गावातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. मग उरलेल्या पोरांच्या दोन टीमा होत नाहीत म्हणून व्याही स्वतः धोतराचा काचा मारून कमी पडणाऱ्या बाजूला उभे राहायचे.

त्यांच्या बैलांची नावं लेफ्टआऊट आणि राइटआऊट. गडीमाणसं त्यांना लेप्ट्या आणि राइट्या म्हणत. कुत्र्याचं नाव गोलकी. तो दिवसभर दारात अंग ताणून बसायचा आणि आजवर त्याने एकालाही अडवल्याचं ऐकिवात नव्हतं. व्याही त्याची बाजू घेऊन म्हणायचे, “उडी चुकायलीय त्याची. पन जागा सोडत न्हाई, हे बगा.” आणखी एक खोड होती. काही चुकलं की ते हात वर करायचे. हैदराबादच्या मैदानावरच्या त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं म्हणे, की फाऊल झाला तर आपणच हात वर करायचा, पंचाला शोधायला लावायचं नाही. हा धडा त्यांनी मैदानाबाहेरही चालू ठेवला होता. दूध उतू गेलं, हात वर. बैल शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरला, बांधावर उभं राहून हात वर. एकदा गंगाखेडच्या एसटीत कुणाच्या तरी पायावर त्यांचा पाय पडला आणि यांनी इतक्या तातडीने हात वर केला की कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली.

मला हे सगळं आधी ठाऊक असतं तर मी सोयरीक करताना दोनदा विचार केला असता. पण मुलगा चांगला होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, आणि आमच्या शोभालाही तो पसंत होता. बोलाचालीच्या बैठकीला मी पुरती तयारी करून गेलो. लग्न कुणाच्या दारात, मानपान कुणाचा किती, ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, कुठे उठून जायचं नाटक करायचं आणि मला कुणी हाताला धरून बसवायचं, सगळं ठरवलं होतं. मी पहिलं वाक्य बोललो. व्याही म्हणाले, “तुमी म्हनाल तसं,” आणि पानाला चुना लावायला लागले. खांदा लावून दार ढकलायला जावं आणि दार उघडंच असावं, तसा मी तोंडघशी पडलो. मला हवं ते सगळं मिळालं होतं आणि तरी परतीच्या प्रवासात मला लुटल्यासारखं वाटत होतं.

साखरपुड्यात तर कहर झाला. ओटीचा नारळ ताटातून घरंगळला, ओट्यावरून टप्पा खाऊन थेट अंगणाच्या नालीकडे निघाला. बायका “अगं बाई” म्हणेपर्यंत व्याह्यांचा पाय पुढे आला, नारळ तळव्याखाली अलगद दाबला गेला आणि अंगठ्याच्या एका झटक्यासरशी वर उडून त्यांच्या हातात येऊन बसला. गुरुजींनी तोंड फिरवलं. माझा चुलत भाऊ ओरडला, “पाय लावला! नारळाला पाय लावला!” व्याही निरागसपणे म्हणाले, “लावला तर! पायानंच घ्यावा लागतोय. हात लावला तर फाऊल हाय.” मी ओठ दातांत धरून नारळ परत ताटात ठेवला. एका नारळासाठी सोयरीक मोडणारा मी माणूस नव्हे. पण नोंद मनात राहिली.

खरी ठिणगी पडली ती नातवाच्या बारशाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं सेलूला आमच्या घरी. जावई, विहीणबाई आणि पाळण्यात नाव ठेवणारी आत्या आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. व्याही कापूसवेचणीच्या बाया लावून देऊन मागाहून येणार होते. अर्धा बाजार माझ्या अंगणात बसला होता. पाळणा सजला, बायका गाणी म्हणून दमल्या, घुगऱ्या थंड झाल्या, दिवेलागण झाली, आणि बाळाच्या आजोबांचा पत्ता नाही. माझ्या दुकानाशेजारचे अडतवाले शेट म्हणजे बाजाराचं वर्तमानपत्र. त्यांनी मोठ्याने विचारलं, “का हो, इवाई न्हाई आले?” ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची होती. मराठवाड्यात आज मोर्चा, उद्या बंद, कुठली एसटी कुठल्या फाट्यावर उभी राहील याचा भरवसा नसायचा. आणि राणीसावरगावातून बाहेर पडायचं तर गंगाखेडपर्यंत एसटीशिवाय मार्ग नाही. मी क्षणाचाही वेळ न लावता म्हणालो, “तिकडं बंद आहे. एसटीच सुटली नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याने कुर्रर्र करून नाव ठेवलं. याला मी खोटं म्हणत नाही. असं वाक्य म्हणजे पोत्याच्या तोंडाला बांधलेली सुतळी. आत काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, पण सांडत तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी माझ्या दुकानात चहा पीत होती, आणि स्टेशनाकडून व्याही आले. धोतर चुरगळलेलं, हातात रुमालात बांधलेले चांदीचे वाळे. शेट आदराने म्हणाले, “या, या. काल एसटी नव्हती म्हणे तुमच्याकडं.”

“कोन म्हनलं?” व्याही थांबलेच. “यष्टी व्हती की! येळंवर सुटली. म्या परभनीला गाडी बदलायला उतरलो, लेकराला वाळे घ्यावं म्हून बाजारात गेलो, तर रेडिवच्या दुकानात टीव्हीवर फुटबॉलची म्याच लागलेली. काय सांगू शेट, कलकत्त्याच्या पोरांनी जान तोडली. म्या हालंस्तोर गाडी गेली निगून.” मग माझ्याकडे वळून त्यांनी हात वर केला. “इवाई, चुकलो. लय मोठी चूक झाली.”

सगळे एकदम आपापल्या बशीत बघू लागले. चहा संपलेला होता तेही.

नातवाच्या बारशाला न येणं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण सेलूच्या बाजारात माझ्या शब्दावर माल उचलला जायचा. मी ‘पोतं कोरडं आहे’ म्हटलं की कुणी हात घालून बघत नसे. त्या सकाळनंतर बघायला लागले. मी भाव सांगितला की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, “एसटी सुटली का हो?” आणि गठ्ठ्यांआड खसखस पिकायची. दोन हमालांनासुद्धा मी ते म्हणताना ऐकलं. तेव्हा मी घरात जाहीर केलं, की ज्या लोकांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं त्याच लोकांसमोर त्यांनी येऊन म्हणावं, एसटी सुटली नव्हती. त्याशिवाय शोभा आणि बाळ राणीसावरगावला जाणार नाहीत. जावई बिचारा निरोप घेऊन जायचा आणि निरोप घेऊन यायचा. व्याह्यांचं म्हणणं असं, की चुकलो म्हणायला ते कुठेही तयार आहेत, बाजारपेठेत म्हणतील, स्टेशनात म्हणतील. पण सुटलेली एसटी सुटली नाही असं कसं म्हणायचं? “डायवर आमच्या गावचाच हाय. त्येला काय वाटंल?”

संक्रांत आली आणि गेली. बाळाचं बोरन्हाण त्याच्या घरी व्हायचं ते आमच्याच अंगणात झालं. पाठवणीचा तिसरा महिना उलटला. बायको म्हणायची, “अवो, दुकानातला राग दुकानात ठिवून येत जा.”  शोभा बाळाची दुपटी धुऊन दोरीवर टाकायची आणि वाळलेलं एकेक घडी घालून पेटीत ठेवायची, म्हणजे कधीही निघायला तयार. ती पेटी मला येता-जाता दिसायची. मी रस्ता बदलून माजघरातून जायला लागलो.

आणि एका शनिवारी सकाळच्या गाडीने व्याही न सांगता आले. खांद्यावर हुरड्याच्या कणसांचं पोतं. पोतं दोन ठिकाणी रफू केलेलं होतं, सुतळी चांगली होती; एवढं माझ्या नजरेने आधी टिपलं, माणूस मागाहून. त्यांनी पाय धुतले, शोभाने पदर सावरून नमस्कार केला, त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “टीव्ही चालू हाय नव्हं?”

त्या शनिवारी-रविवारी कलकत्त्याहून कुठल्याशा कपाचे शेवटचे सामने दाखवणार होते. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. शनिवारी दुपारी उपांत्य, रविवारी अंतिम. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, माझा. सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला, काळापांढरा. मी मनाशी म्हटलं, माणूस टीव्हीसाठी आला आहे की सुनेसाठी? पण विचारलं नाही. सौद्याचा माझा आयुष्यभराचा नियम आहे, जो आधी तोंड उघडतो तो गेला. दुकानात मी गिऱ्हाइकासमोर अर्धा अर्धा तास सुतळीचा गुंडा वळत बसलेलो आहे. तेव्हा मीही सतरंजीवर त्यांच्या शेजारी येऊन बसलो. उठून गेलो असतो तर माझ्यामागे बायकोने परस्पर सौदा उरकला असता.

अशी शांत दुपार माझ्या घरात आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. पडद्यावर मुंग्यांएवढी माणसं इकडून तिकडे पळत होती. मांडीवर बाळ. व्याही त्याचा एकेक पाय हातात घेऊन तळवा दाबून बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी स्वतःशीच निकाल दिला, “डाव्या पायाचा हाय.” मी मान वळवली नाही. मध्येच चित्र पळायला लागलं. मी माळवदावर चढून अँटेना फिरवू लागलो आणि खालून व्याह्यांचा आवाज येऊ लागला, “आलं... आलं... गेलं! माघारी फिरवा... आलं! हालू नका आता!” तोवर आमच्यात झालेलं संभाषण ते एवढंच. ‘हालू नका’ म्हटल्यामुळे मी काही वेळ उन्हात अँटेनाचा दांडा धरून तसाच उभा राहिलो, मग मला माझाच राग आला आणि मी खाली उतरलो.

सामना पुढे सरकेना. एकही गोल नाही. चेंडू मधल्या मध्ये घोळत होता. न राहवून मी म्हणालो, “हे खेळायला आलेत का शिळोप्याच्या गप्पा मारायला?”

व्याही पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “दोघंबी वाट बगायलेत, इवाई. दुसऱ्यानं आधी चूक करावी म्हून.”

मी चपापून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. या माणसाच्या बोलण्यात आत काही घातलेलं नसतं हे मला माहीत होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांचा आर करून बायकोने हुरडा भाजला. आम्ही दोघे समोरासमोर बसून कणसं चोळत होतो. हुरडा गोड होता, आणि तसं म्हणावं असं तोंडावर आलेलं मी परत गिळलं. तेवढ्यात ओसरीवरून शोभा बाळाला झोका देत, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, “नीज बाबा. ह्या दोघांचा सौदा जमंस्तोर तू हितंच चालायला शिकतोस, हितंच शाळंत जातोस, आन मग तुजं लग्नबी हितंच लावू.” व्याह्यांच्या हातातलं कणीस थांबलं. त्यांनी हात अर्धवट वर केला आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली घेतला. त्यांना बहुधा कळेना की या फाऊलात हात कुणी वर करायचा.

रविवारी दुपारी अंतिम सामन्याला अर्धी गल्ली आमच्या घरात लोटली. शेट सगळ्यांत पुढे, लोडाला टेकून. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते वेगळाच सामना बघायला आले होते. मला ते दिसत होतं. कलकत्त्याची टीम एका बाजूला, कुठल्यातरी परदेशी गोऱ्यांची दुसऱ्या बाजूला. खोली एकजात कलकत्त्याकडून. मध्यंतरानंतर गोलापुढे एकच झुंबड उडाली, धूळ उडाली आणि चेंडू जाळीत गेला. कलकत्त्याचा गोल! घरातली माणसं उठून नाचायला लागली. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, लोडावर मूठ आपटली. एकटे व्याही झोपलेलं बाळ मांडीवर घेऊन बसून होते.

“हात लागला,” ते म्हणाले.

“अहो, आपला गोल आहे!” शेट ओरडले.

“आपला हाय म्हून काय झालं? हात लागला. म्या बगितला.”

“म्हणजे गोल नाही म्हणता?”

“गोल हाय.”

“आत्ता तर म्हणालात हात लागला!”

“लागला. पन पंचानं शिट्टी वाजवली, चेंडू मदल्या रेघेवर ठिवला. आता गोलच. ते गोरेबी बगा, गुमान माघारी चाललेत. मैदान पंचाचं, शिट्टी पंचाची. खेळाडूनं पंचासंगं भांडायचं न्हाई.”

शेट आयुष्यभर माणसांची नाडी बघत आलेले. त्यांनी तंबाखूची चिमूट खाली ठेवली, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि हसत म्हणाले, “मग इवाई, ती बारशाच्या दिवशीची एसटी? ती सुटली होती का नाही?”

 शोभा चहाचं ताट घेऊन दाराच्या चौकटीत उभी होती, ती तिथेच थांबली.  हा माणूस आता तोंड उघडणार आणि पुन्हा सगळं सांडणार. मग मला त्यांना घराबाहेर काढावं लागणार, आणि ती पेटी तशीच राहणार. मी उठण्यासाठी जमिनीवर हात टेकलासुद्धा.

व्याह्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मांडीवर झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. “माज्या गावात इचाराल तर सुटली व्हती,” ते सावकाश म्हणाले. “पन हे अंगन कुनाचं? इवायाचं. हितले पंच इवाई. त्येंनी म्हनलं, न्हाई सुटली.” त्यांनी उजवा हात उंच वर केला. “मंग न्हाई सुटली.”

“पंच चुकला असला तरी?” शेटनी टोक काढलं.

“चुकला तरी पंचच.”

खोलीत असा हशा झाला की गोलाच्या गोंगाटातही न उठलेलं बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं. शेट मांडीवर थाप मारत मला म्हणाले, “घ्या! तुमचा गोल झाला, मालक!”  मागितलं होतं ते मिळालं होतं आणि मिळालंही नव्हतं. एक अक्षर खोटं न बोलता त्यांनी मला माझ्याच घरात खरं करून दाखवलं, आणि जाता जाता हात लागल्याचंही सगळ्यांना सांगून ठेवलं. धंद्यात मी असं पोतं कधी घेतलं नसतं. पण तो वर केलेला हात अजून तसाच होता. मी पंच, मी काही करीन तेव्हाच तो खाली येणार, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी बायकोवर खेकसलो, “बघत काय बसलीस? पोरीची तयारी कर. उद्याच्या गाडीनं जाऊ दे.”

शोभाने ताट तिथेच उंबऱ्यावर ठेवलं आणि ती पेटीकडे वळली. व्याह्यांनी हात खाली घेतला आणि घाईघाईने म्हणाले, “पन आदी म्याच संपू द्या.”

तो कप कोणी जिंकला ते मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी स्टेशनात मी त्यांना पोचवायला गेलो. एका हातात शोभाची पेटी आणि दुसऱ्या हातात बाळाचं दुपटं घेऊन व्याही डब्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “पंच, येतो मंग.” तेव्हापासून त्यांनी मला इवाई म्हणणं सोडलं. पुढे त्यांच्या घरी टीव्ही आला, माझ्यापेक्षा मोठा, रंगीत. तरी शनिवार-रविवारचे मोठे सामने असले की ते गाडी पकडून सेलूला यायचे. जावयाने कारण विचारलं तर म्हणाले, “घरी कुनी भांडत न्हाई. पंच असल्याबिगर म्याच कसली?” मला फुटबॉल कळायला लागला असं मी म्हणणार नाही. पण हात लागला की मला दिसायला लागलं, आणि त्यांच्याआधी ओरडायला मिळालं की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

नामांतराच्या शेवटच्या हिवाळ्यात अडतीच्या फोनवर निरोप आला. व्याही मैदानावर पोरांना खेळवताना बसले ते उठले नाहीत. मी मिळेल त्या गाडीने निघालो. गंगाखेडपर्यंत रेल्वेने पोचलो आणि स्टँडवर बघतो तर शुकशुकाट. बंद होता. एकही एसटी सुटली नव्हती. मी कंट्रोलरशी भांडलो, जीपवाल्यांना मागतील ते देतो म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता. कुणी निघायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी उसाच्या एका रिकाम्या ट्रकमध्ये बसून मी राणीसावरगावला पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

अंगणात गाव बसलं होतं. गोलकी दारात पाय पसरून पडला होता, त्याने मलाही अडवलं नाही. मी बसलो आणि म्हणालो, “एसटी नव्हती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या अंगणात बारशाच्या संध्याकाळी डोलावल्या होत्या, अगदी तशाच. जावई हळूच म्हणाला, “असू द्या मामा.” माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हणालो, “असू द्या काय? खरंच नव्हती!” त्यांनी पुन्हा डोलावल्या. व्याही असते तर त्यांनी मान डोलावली नसती. उठून ड्रायव्हरच्या घरी गेले असते, त्याला विचारून आले असते आणि चारचौघांत सांगितलं असतं, पंच खरं बोलायलेत, यष्टी न्हाई सुटली.

मग मी बसल्या जागी उजवा हात वर केला, उंच, त्यांच्यासारखा. कुणाला काही कळलं नाही. शेजारच्या एका सुनेला वाटलं, मला पाणी हवं आहे, आणि तिने तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.